हलक्या गोळीला पावडर कोणती? .३०-०६ आणि ११० ग्रेन

तांब्याचं_जॅकेट:
नमस्कार. काडतुसं घरीच भरतो. रायफल .३०-०६ स्प्रिंगफील्ड काडतुसाची, बोल्ट अ‍ॅक्शन, नळी २२ इंच, ट्विस्ट १:१० (गोळी दर १० इंचांत एक फेरा घेते). नेहमीचा लोड (गोळी आणि पावडरची जोडी) १८० ग्रेन वजनाची गोळी आणि हॉजडन कंपनीची एच४३५० पावडर. त्याबद्दल तक्रार नाही. आता कागदावरच्या सरावासाठी प्लास्टिक टोकाची ११० ग्रेन व्हार्मिंट (छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठीची) गोळी भरायची आहे. पावडर तीच ठेवून छापील तक्त्यातल्या मापाने दहा काडतुसं भरली. पुंगळी (काडतुसाचा पितळी कोश) जवळजवळ मानेपर्यंत भरते, तरी पुढच्या गोष्टी दिसल्या:

पुंगळीच्या मानेवर आणि खांद्यावर काजळी. बोल्ट उघडल्यावर आत अर्धवट जळालेले पिवळट दाणे. दहा गोळ्यांच्या वेगात सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत १२० फूट/सेकंद फरक.

मॅग्नम प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी, जास्त ज्योतीची) लावून हे सुटेल का, की पावडरच बदलावी? बदलायची तर कोणती? आणि धक्का आणखी कमी हवा असेल तर याच एच४३५० चं माप खाली आणलं तर चालेल का?

निळा_धूर:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, एच४३५० चं माप तक्त्याखाली आणू नका. कारण खाली कोणीतरी सविस्तर लिहीलच. मी पहिल्या दोन प्रश्नांवर येतो.

तुमच्या भरण्यात चूक नाही, जोडी चुकली आहे. पावडर उघड्यावर एका चालीने जळते आणि दाबाखाली वेगळ्या. दाब जितका जास्त तितकी जळण्याची गती जास्त, त्यामुळे दाब पुन्हा वाढतो. हे चक्र सुरू राहायला गोळीने थोडा वेळ अडून राहावं लागतं. १८० ग्रेनची गोळी अडते. तिची सेक्शनल डेन्सिटी (जाडीच्या मानाने वजन) ०.२७१ आहे, ११० ग्रेनची ०.१६६. हलकी गोळी चटकन पुढे सरकते, तिच्यामागची जागा झपाट्याने वाढते आणि दाब चढण्याआधीच पसरतो. एच४३५० सारखी सावकाश पावडर तिथे अर्धवट जळते. मानेवरची काजळी त्याचीच खूण आहे: दाब इतका कमी की पुंगळीची मान फुगून चेंबरला (काडतूस बसायच्या जागेला) घट्ट बसत नाही आणि वायू बाजूने मागे येतो.

जास्त पावडर घालून हे भरून काढावं म्हटलं तर पुंगळीत जागाच उरलेली नाही. म्हणजे उपाय एकच, जरा जलद पावडर. हॉजडनच्या पावडरी जलदकडून सावकाशकडे अशा लागतात: एच४१९८, एच३२२, एच४८९५, व्हार्गेट, एच४३५०, एच४८३१. .३०-०६ मध्ये ११० ते १२५ ग्रेनसाठी माझी पहिली पसंती एच४८९५, दुसरी व्हार्गेट. आयएमआर या दुसऱ्या छापाची ४०६४ सुद्धा याच पट्ट्यातली आहे.

हा क्रम फक्त निवड करायला वापरा, माप ठरवायला नाही. शेजारच्या दोन पावडरींचं माप एकमेकींना लावता येत नाही. एच४८९५ आणि आयएमआर ४८९५ यांचा आकडा एक, पण पावडरी दोन. ४३५० नावाचंही तसंच. डब्यावरचं आधीचं अक्षर आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. बाकावर एका वेळी एकच डबा उघडा ठेवावा.

मॅग्नम प्रायमरने काजळी थोडी कमी दिसेल, मूळ दुखणं तसंच राहील. त्याने दाबही बदलतो, म्हणून प्रायमर बदलला की माप पुन्हा तळापासून चढवत आणावं लागतं. एच४८९५ ला साधा लार्ज रायफल प्रायमर पुरतो.

माप चढवताना तक्त्यातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून अर्ध्या ग्रेनच्या पायऱ्या घ्या. (ग्रेन म्हणजे वजन, ०.०६४८ ग्रॅम. पावडरचा दाणा नव्हे. नवे लोक इथे हमखास गोंधळतात.) चपटा झालेला प्रायमर, जड उचलणारा बोल्ट, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळ्याचा) ठसा, यातलं काही दिसेपर्यंत तुम्ही बहुतेक वेळा मर्यादेच्या पलीकडे गेलेले असता. .३०-०६ ची सामी (अमेरिकेतली शस्त्र-दारूगोळा मानक संस्था) मर्यादा ६०,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. वरच्या खुणांपेक्षा क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) भरवसा ठेवा: तितक्याच लांबीच्या नळीला तक्त्यात दिलेला सर्वोच्च वेग गाठला की, माप कमी असलं तरी, तिथे थांबा. वेग आला आहे म्हणजे दाबही आला आहे.

अर्धा_ग्रेन:
वरच्याशी सहमत, पण 'जलद पावडर' ऐकून लोक थेट एच४१९८ कडे पळतात, त्याबद्दल सांगतो.

.३०-०६ ची पुंगळी मोठी, सुमारे ६८ ग्रेन पाणी मावणारी. पावडर जितकी जलद तितकं माप लहान आणि आत पोकळी मोठी. त्यातून दोन अडचणी येतात. एक, पावडर कधी प्रायमरकडे, कधी गोळीकडे सरकते आणि त्याप्रमाणे वेग बदलतो. दुसरी गंभीर आहे: माप पुंगळीच्या निम्म्याहून कमी असेल तर चुकून दोनदा पडलेली पावडर बाहेर सांडत नाही, आत मावते. म्हणून गोळीला जमेल तितकी जलद आणि तरी पुंगळी बऱ्यापैकी भरणारी पावडर घ्यायची. एच४८९५ पूर्ण लोडला तिथे बरोबर बसते.

कोणतीही पावडर असो, भरलेल्या पुंगळ्या ट्रेमध्ये उभ्या ठेवून टॉर्चने प्रत्येकीत डोकवा. पातळी वेगळी दिसली की ती रिकामी करून पुन्हा तोला. एच४८९५ चे दाणे लांबट असतात, पावडर मेजरमध्ये (माप ओतणाऱ्या यंत्रात) अधूनमधून कापले जातात. हँडलला कर्र असा झटका बसला की ते माप परत ओता.

गोळी बसवण्याकडेही बघा. ११० ग्रेनची गोळी आखूड असते. रायफलिंगला (नळीतल्या पिळदार खाचांना) टेकवायच्या नादात ती मानेत जेमतेम अडकलेली राहते. मानेत किमान एक कॅलिबर, म्हणजे ०.३०८ इंच (७.८ मिमी) खोल बसायला हवी. रायफलिंगपर्यंतची उडी लांब पडली तरी चालेल. सैल मानेतली हलकी गोळी पावडर पेटायच्या आत सुटते आणि तुमची काजळी परत येते. मानेचा बाहेरचा व्यास गोळी बसवण्याआधी आणि नंतर मोजा, ०.००१ ते ०.००२ इंच फरक हवा.

तांब्याचं_जॅकेट:
पटलं, एच४८९५ आणतो. दोन शंका. एच४३५० चं माप कमी केलं तर फार तर नीट पेटणार नाही, त्यात धोका कसला? आणि १:१० ट्विस्टमध्ये पातळ जॅकेटची (तांब्याच्या वेष्टणाची) गोळी हवेत फुटेल का?

निळा_धूर:
फुटण्याचं आधी, ते सोपं आहे. वेग (फूट/सेकंद) गुणिले ७२०, भागिले ट्विस्टचे इंच, म्हणजे मिनिटाचे फेरे. ३,३०० फूट/सेकंदला १:१० मध्ये २,३७,६०० फेरे. हे अशा गोळीला झेपतं. .२२३ काडतुसात ४० ग्रेनची गोळी ३,६०० ला १:७ मधून काढली तर ३,७०,२८६ फेरे होतात, तिथे पातळ जॅकेट खरंच फाटतं. कागदावर भोकाऐवजी करडा शिंतोडा दिसतो किंवा काहीच दिसत नाही. गोळीच्या डब्यावर वेगमर्यादा छापली असेल तर तीच पाळा.

जुनी_पुंगळी:
कमी मापाबद्दल मी लिहितो.

सावकाश पावडर मोठ्या पुंगळीत थोडी घातली की ती आडवी पसरते. प्रायमरची ज्योत वरून जाते आणि काही दाणेच पेटतात. मग तीनपैकी एक घडतं. उशिरा बार. नाहीतर दाब इतका तोकडा की गोळी नळीतच अडकते, आणि पुढची तिच्यावर मारली की नळी फुगते किंवा फाटते. तिसरं म्हणजे गोळी थोडी पुढे जाऊन थबकते आणि मग उरलेली पावडर एकदम पेटते. अशाने रायफली फुटलेल्या आहेत. असा बार हवा तेव्हा करून दाखवता येत नाही, म्हणूनच 'माझ्या दहा ठीक गेल्या' याला अर्थ नाही. सावकाश गोल दाण्याची बॉल पावडर पेटायला आणखी हट्टी, तिचं माप तर मुळीच तोडू नका.

बार फुसका वाटला, धक्का लागला नाही, की तिथेच थांबा. बंदुकीचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, मग बोल्ट काढून नळीत आरपार उजेड दिसतो का ते बघा.

धक्का कमी हवा तर एच४८९५ मध्ये सोय आहे. हॉजडनचा नियम असा: ज्या काडतुसाला त्यांच्या तक्त्यात एच४८९५ दिली आहे, तिथे कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येता येतं. समजा तक्त्यात कमाल ४५.० ग्रेन आहे, तर तळ २७.० (हा फक्त हिशेब, तुमच्या गोळीचं माप तक्त्यातूनच घ्या). हा नियम एच४८९५ चा आहे, आयएमआर ४८९५ चा नाही. थेट तळ न गाठता ७५-८० टक्क्यांवर सुरू करा, सहसा तिथेच नीट जळते.

आता एक गोष्ट जी कमी लोडवाल्यांना उशिरा कळते. मारलेली पुंगळी सपाट काचेवर उभी करून बघा. ती डुगडुगली तर प्रायमर बुडाबाहेर आलेला आहे. लोक याला जास्त दाबाची खूण समजतात, पण आहे नेमकं उलट. फायरिंग पिन पुंगळीला पुढे ढकलते, प्रायमर पेटून मागे बोल्टला टेकतो. पूर्ण लोडमध्ये दाब पुंगळीलाही ताणून मागे आणतो आणि प्रायमर परत सपाट बसतो. कमी लोडमध्ये पुंगळीच्या भिंती चेंबरला धरून राहतात, बूड मागे येत नाही, प्रायमर तसाच राहतो. हेच पुन्हा पुन्हा झालं की दर बाराला खांदा किंचित मागे बसत जातो आणि पुंगळी आखूड होते. पुढे तीच पूर्ण लोडला वापरली तर ती बुडापाशी ताणली जाते आणि तिथे आतून वर्तुळाकार चीर पडते.

म्हणून कमी लोडच्या पुंगळ्या वेगळ्या डब्यात ठेवा, बुडावर मार्करने रेघ ओढा आणि त्या पूर्ण लोडला परत वापरू नका. चीर तपासायला पेपरक्लिपचं टोक काटकोनात वाकवून पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून वर-खाली फिरवा. बुडापासून सेंटिमीटरभर वर टोक अडखळलं तर ती पुंगळी चिमट्याने चेपून भंगारात टाका.

तांब्याचं_जॅकेट:
काच काढून बघितली. दहापैकी सहा पुंगळ्या डुगडुगतात. दहाही बाजूला काढल्या. एच४८९५ आल्यावर तक्त्याच्या तळापासून अर्ध्या ग्रेनच्या पायऱ्या, प्रत्येकी पाच, असं भरतो.

निळा_धूर:
पायऱ्यांना पाच पुरेत. पण वेगातला फरक पाच गोळ्यांवरून ठरवू नका, पाचांत तो हमखास कमी दिसतो. जे माप पसंत पडेल त्याच्या वीस मारा आणि मग आकडे इथे टाका.