स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया : आधीची तयारी, नंतरचे दिवस. आपापले अनुभव सांगा

मान, खांदे, ब्राच्या पट्ट्यांनी पडलेल्या खाचा, उन्हाळ्यात स्तनांखाली उठणारं पुरळ. ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. माझं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. मॅमोग्राफी झाली, डॉक्टरांनी ॲस्पिरिन थांबवलं. फाइलमध्ये नसतं ते सांगा, बायांनो.

गुलबक्षी : पुढून बटणांचे गाऊन आत्ताच शिवायला टाक. हात वर जात नाहीत, डोक्यातून काही घालता येत नाही. चहा-साखरेचे डबे ओट्यावर आणून ठेव. भरलेला कुकर, पाण्याची कळशी, लेकरू, काहीही उचलायचं नाही. मला सहा आठवडे सांगितले होते. सासरी मी ‘पाठदुखीचं ऑपरेशन’ म्हणून सांगितलं. खोटं कुठाय त्यात?

झुळूक : जखमेत साचणारं रक्त-पाणी बाहेर काढायला लावतात त्या ड्रेनच्या नळ्यांची उगाच धास्ती घेतली होती. खरा छळ बद्धकोष्ठाचा! वेदनाशामक गोळ्यांनी होतं. डॉक्टरांना विचारून इसबगोल घरात ठेव. आणि उताणं झोपायची सवय आधीपासून कर.

माईसाहेब : मला मधुमेह. उभा आणि आडवा टाका खाली जिथे मिळतात, तिथे माझी जखम थोडी उघडली. तिथे ताण जास्त असतो. ड्रेसिंग करकरून भरली, पण वेळ लागला. ताप, पू, वाढती लाली, एकच बाजू अचानक टम्म फुगणं किंवा स्तनाग्र काळं पडणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तंबाखूचं विचारतील तेव्हा मिश्रीसुद्धा सांगायची. निकोटिनने रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही. आमच्याकडे मिश्रीला कुणी तंबाखूत धरतच नाही! काढलेला भाग तपासणीला जातो, तो रिपोर्टही मागून घ्या.

सातपुडा : विमा कंपनीने ‘कॉस्मेटिक’ म्हणून हात वर केले. हाडांच्या आणि त्वचेच्या डॉक्टरांची पत्रं जोडून पूर्वमंजुरी आधीच मागा.

चाफेकळी : लग्नाआधी केलं. पुढे अंगावर पाजता येईलच असं नाही, स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मला दूध कमी आलं, वरचं द्यावं लागलं. त्यावरून नातेवाइकांनी बरंच ऐकवलं. तरी पुन्हा हेच करीन. बाळाला घेऊन ताठ बसता येत होतं, याची किंमत त्यांना काय कळणार?

गुलबक्षी : हो, आणि महागडी ब्रा लगेच घेऊ नकोस. सूज उतरायला काही महिने जातात, माप बदलतं.