रि: गुरुवारचा पिपचा फोन, दुभाषी कोण? आणि डॉक्टर का नाही?

मिलिंद:
मंडळी, तातडीचं आहे. मेधाचा पिपचा, म्हणजे इथल्या ब्रिटिश सरकारच्या अपंगत्व भत्त्यासाठीच्या तपासणीचा, फोन गुरुवारी सकाळी ठरलाय, पत्रात लिहिलंय की हेल्थ प्रोफेशनल बोलतील, म्हणजे डॉक्टर असेलच असं नाही. आमवात आहे, कन्सल्टंटचं पत्र आहे, औषधांची यादी आहे, हे सगळं डॉक्टर नसलेल्या माणसाला काय कळणार? दुसरं म्हणजे मेधाला इंग्लिश येतं पण दुखण्याबद्दल बोलायला लागली की मराठीच तोंडात येतं, तर दुभाषी मीच झालो तर चालेल का? अनघाताई, तुम्ही हेच काम करता ना, या लोकांना ट्रेनिंग तरी काय देतात?

शरदकाका:
मिलिंद, तुझं म्हणणं रास्त आहे. १९९२ ला डीएलए, म्हणजे पिपच्या आधीचा अपंगत्व भत्ता, आलं तेव्हा गरज वाटली तर डॉक्टर घरी जाऊन तपासायचे, मी स्वतः प्रॅक्टिस सांभाळून ते काम केलंय. घरात पाऊल टाकलं की जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावलाय का, पलंग खाली हॉलमध्ये आणलाय का, सगळं दिसायचं. फोनवर काय दिसणार? मेडिकल मत द्यायचं तर माणूस मेडिकलचाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोहिणी:
काका, तुमचा मान राखून सांगते, हे मला पटत नाही. हाताची पकड किती वेळ टिकते, जिना चढलेला माणूस तासाभराने पुन्हा चढू शकेल का, हे आम्ही फिजिओ रोज बघतो, जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, दहा मिनिटं असतात त्यात तो गोळ्या बघेल की चालणं? पिप २०१३ ला आलं तेव्हापासून नर्स, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पॅरामेडिक सगळेच हे करतात. मानसिक आजार असेल आणि समोर माझ्यासारखी फिजिओ आली तर मात्र काळजी वाटणं साहजिक आहे. वर्क केपेबिलिटीच्या, म्हणजे आजारी माणूस नोकरी करू शकतो का या, तपासणीवर प्रोफेसर हॅरिंग्टननी २०१० ला रिपोर्ट दिला त्यात म्हणूनच मेंटल फंक्शन चॅम्पियन, म्हणजे मानसिक आजारांची खास जाण असलेला माणूस, नेमा असं सांगितलं होतं. पण मेधाच्या सांध्यांसाठी डॉक्टरच पाहिजे हा हट्ट कशाला?

अनघा:
मिलिंद, आधी तुझं काम. दुभाषी त्यांच्याकडूनच माग, पैसे पडत नाहीत, पण आजच्या आज फोन कर. तू शेजारी बस, मध्ये बोललास तरी चालतं, पण दुभाषी तू होऊ नकोस. नवरा सांगायला लागला की बायकोचं उत्तर आणि नवऱ्याचं मत एकत्र होतं, मग रिपोर्ट लिहिणाऱ्याला कुणाचं काय ते कळत नाही.

आता ट्रेनिंग. डॉक्टरांना सगळ्यात जड जातं ते निदान बाजूला ठेवणं. आयुष्यभर आपण रोग शोधतो, औषध देतो, आणि इथे यातलं काहीच करायचं नसतं. आजार कोणता यावर पॉइंट नाहीत, तो माणूस काय करू शकतो यावर आहेत. रोजच्या जगण्याच्या १० गोष्टी आणि हिंडण्याफिरण्याच्या २, दोन्ही गटांत ८ पॉइंटला स्टँडर्ड (साधा) आणि १२ ला एनहान्स्ड (वाढीव) रेट. आणि नुसतं "करता येतं" पुरत नाही, सुरक्षितपणे, बऱ्यापैकी नीट, लागेल तितक्या वेळा आणि निरोगी माणसाच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ न लावता करता आलं पाहिजे. हे कायद्यातच आहे, आणि नवीन असेसरचे, म्हणजे तपासणी करणाऱ्यांचे, रिपोर्ट तपासताना मी बघते की नेमकं हेच विचारायचं राहून जातं. स्वयंपाकाचं घ्या. एका माणसापुरता, ताज्या भाज्यांचा, साधा पदार्थ, तोही कमरेच्या उंचीच्या शेगडीवर, ओव्हनसाठी वाकणं त्यात धरत नाहीत. मेधाला कांदा चिरता येतो का, गरम पातेलं उचलता येतं का, सकाळी बोटं आखडलेली असतात ती किती वेळाने सुटतात, हे तिने सांगायचं. सासूबाई स्वयंपाक करतात हे उत्तर नाही, ती करू शकते का एवढाच प्रश्न आहे. आणि वर्षातल्या निम्म्याहून जास्त दिवसांना काय होतं ते सांगायचं, चांगल्या दिवसाचं नाही. आपल्या बायका डॉक्टरसमोर "तसं बरं आहे हो" म्हणतात आणि ते जसंच्या तसं लिहिलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

काका, डॉक्टर असो की नर्स, निर्णय आमचा नसतोच. आम्ही सल्ला देतो, निर्णय डीडब्ल्यूपीचा, म्हणजे भत्ते देणाऱ्या सरकारी खात्याचा.

प्रकाश:
साताऱ्याला माझ्या भावाला अपंगत्वाचं ४०% चं सर्टिफिकेट आहे, सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांधे मोजून दिलंय. मेधावहिनींनी सुट्टीत जाऊन तसं काढलं तर इथे दाखवता येईल का?

अनघा:
प्रकाश, टक्केवारी पिपमध्ये नाहीच. तिकडे ४०% ला सवलती सुरू होतात, इथे टक्के बघतात ते कामावर झालेल्या इजेच्या बेनिफिटला, तिथे साधारण १४% लागतात. मेधाने त्यासाठी विमानाचा खर्च करू नये. त्यापेक्षा आठवडाभर रोज काय जमलं नाही ते वहीत लिहावं.

सेक्रेटरी:
विषय महत्त्वाचा आहे, पण बेनिफिटची मदत मदत समितीमार्फत करायची हे मंडळाच्या वार्षिक सभेत ठरलंय, कृपया त्यांना सीसी करत जा. आणि गणपतीच्या हॉलची मेल खाली गेलीये, किचन सात वाजता रिकामं करायचंय, कोण थांबणार ते आज कळवा.

मिलिंद:
समितीला सीसी केलंय. दुभाषी मागितला, मिळेल म्हणाले. मेधाने वही सुरू केली, पहिल्याच पानावर कुकरचं झाकण लिहिलंय, गेली दोन वर्षं ते मुलगा उघडून देतो हे मला आज कळलं. काका, निकाल विरोधात गेला तर काय?

शरदकाका:
आधी फोन करून असेसरच्या रिपोर्टची कॉपी मागव आणि दोघं बसून ओळ न ओळ वाचा. एका महिन्याच्या आत फेरविचार मागायचा, त्यालाच मँडेटरी रिकन्सिडरेशन म्हणतात. तिथेही नाही म्हणाले तर ट्रायब्युनलकडे, म्हणजे कोर्टासारख्या स्वतंत्र मंडळाकडे, अपील, आणि तिथे जजच्या शेजारी डॉक्टर बसतोच. रोहिणी, हे तुझ्यासाठीही लिहितोय. मिलिंद, वही मला आणून दाखव, रविवारी घरीच आहे.