मदत हवी आहे: करारावर दोघांची नावं, डिपॉझिट अडकलंय (जळगाव)

भाऊ-ताईंनो, कराराच्या भाषेतलं कोणाला कळत असेल तर सांगा.

जळगावात मी आणि माझी मैत्रीण भाड्याने राहत होतो. लग्न झालेलं नाही, आता वेगळे झालोय. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर्ड आहे, लायसन्सी म्हणजे भाड्याने राहणारे म्हणून नावं दोघांची. डिपॉझिट ४० हजार, सगळं माझ्या खात्यातून गेलं. करारात मात्र ‘दोघांकडून मिळाले’ असं लिहिलंय. मुदत संपली, चावी दिली, लाइट बिल भरलं, रिकाम्या खोल्यांचे फोटो आहेत.

घरमालक काका पैसे बुडवणारे नाहीत. दोघांच्या सह्या आणा, नाहीतर उद्या ती येऊन मागेल, एवढंच त्यांचं म्हणणं. तेही चूक नाही म्हणा. ती आता पुण्यात. ती निम्मे मागते, कारण शेवटचं भाडं तिने भरलं. पण भाड्याचा हिशोब वेगळा ना? दलालाने काकांना सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. एवढ्या रकमेसाठी कोर्ट परवडणार नाही, आणि तिच्याशी भांडायचंही नाही.

तिने ना-हरकत द्यायची ठरवली तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पुरेल, की स्टॅम्प पेपरवर नोटरीच लागेल? आणि नाहीच दिली, तर करारातली नावं धरतात की बँकेचं स्टेटमेंट?