पेट्रोलच्या भावावरचं हे व्यंगचित्र कोणी नीट समजावून सांगेल का?

लष्करची_मावशी
भाची बीएला आहे, तिला कॉलेजात मार्च २०२२ चं एक व्यंगचित्र दिलंय, त्याचं विश्लेषण लिहायचंय. फोटो इथे चढत नाहीये म्हणून सांगतेच. उतारावर एक भलंमोठं चाक, त्यावर पेट्रोल १०० लिहिलंय. चाकाखाली दगड लावतात तशी मतपेटी लावलेली, आणि एक नेता ती हळूच ओढून काढतोय. खालून बैलगाडी चाललीय, गाडीत स्कूटर आडवी टाकलेली आणि शेजारी एक माणूस हेल्मेट घालून बसलाय. महागाई आहे एवढं कळलं हो, पण त्यावर दोन पानं कशी भरायची?

थाटीपूरकर
हेल्मेट घालून बैलगाडीत 😂 एकदम सही. पेट्रोल परवडत नाही, झालं, अजून काय असणार.

मुरारचा_बंड्या
नाही दादा, असली चित्र ती मतपेटी आहे. तारखा बघा ना, ४ नोव्हेंबर २०२१ ला केंद्राने एक्साइज (म्हणजे केंद्राचा कर) पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपये कमी केली, त्यानंतर कंपन्यांनी चार महिन्यांहून जास्त भाव हलवलाच नाही, युक्रेनचं युद्ध सुरू होऊन क्रूड, म्हणजे कच्चं तेल, पिंपामागे १०० डॉलरच्या वर गेलं तरी नाही, कारण यूपी-पंजाबसकट पाच राज्यांची निवडणूक. १० मार्चला निकाल लागले आणि २२ मार्चपासून रोज ८०-८० पैसे चालू. आणि कागदावर बघाल तर २०१७ च्या जूनपासून भाव रोज बदलायचा नियम आहे! म्हणून चित्रात नेता चाक ढकलत नाहीये, नुसती पेटी काढतोय, चाक आपोआप सुटणार. भाचीला हे सगळ्यात आधी लिहायला सांगा, बाकीचं नंतर.

जुना_ग्वाल्हेरी
बैलगाडी पण उगाच नाही काढलेली. अरब देशांनी तेल अडवलं त्या वर्षी, १२ नोव्हेंबर १९७३ ला, आपले ग्वाल्हेरचे अटलजी पेट्रोलच्या भाववाढीच्या निषेधात बैलगाडीत बसून संसदेत गेले होते. तेव्हा ते जनसंघात, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षात, सरकार इंदिराजींचं. पुढे काँग्रेसच्या राज्यात भाव वाढले की भाजपवाले बैलगाडी काढायचे, भाजपच्या राज्यात काँग्रेसवाले काढतात, बैल बिचारे तेच. म्हणजे चित्रकाराने आजच्या सत्तेवाल्यांना त्यांचीच जुनी गाडी दाखवलीय, आणि यावेळी तिच्यात नेता नाही, पब्लिक बसलीय. ग्वाल्हेरच्या पोरीला हे माहीत नसेल तर काय उपयोग 😀

थाटीपूरकर
बरं मानलं. पण चित्र अर्धंच आहे, मी तर म्हणेन एकतर्फी. पेटी काढणारा एकच दाखवलाय, राज्यं कुठेयत? पेट्रोल जीएसटीत नाही, त्यामुळे व्हॅट म्हणजे विक्रीवरचा कर राज्याचा, आणि आपल्या एमपीत २९ टक्के, वर लिटरमागे अडीच रुपये आणि सेस वेगळा. तो टक्का एक्साइज धरून झालेल्या किमतीवर लागतो, म्हणजे टॅक्सवर टॅक्स. त्यामुळेच आपल्याकडचे लोक झाशीला गेले की टाकी फुल करूनच परततात, यूपीत दहा रुपयांच्या आसपास स्वस्त पडतं. धौलपूरला जाऊन फायदा नाही, राजस्थानही तसंच महाग.

मुरारचा_बंड्या
मान्य, पण केंद्राला सोडू नका. २०२० च्या मे महिन्यात क्रूड मातीमोल होतं तेव्हा एक्साइज पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये एका झटक्यात वाढवली होती, स्वस्त क्रूडचा फायदा तुमच्या-माझ्या टाकीपर्यंत आलाच नाही. आणि व्यंगचित्रात सगळं बसवायला गेलं तर तो बजेटचा तक्ता होईल.

लष्करची_मावशी
अरे वा, दोनाची चार पानं होतील. पण एक राहिलं, नेत्याची टोपी कोरी आहे, कुठलंच चिन्ह नाही. मुद्दाम का?

जुना_ग्वाल्हेरी
मुद्दामच असणार. चिन्ह काढलं असतं तर अर्ध्या लोकांनी पक्ष बघून पान उलटलं असतं. आणि थाटीपूरकरांना राज्य सरकार हवं होतं ना, त्या कोऱ्या टोपीत तेही बसतं की.