मदत हवी आहे: एबोनाइटचं पेन, पहिली रेघ कोरी जाते

पेन ड्रॉपरने शाई भरायचं, एबोनाइटचं (कडक रबराचं); फीडही (निबखालचा शाई पुरवणारा भाग) एबोनाइटचं, निब ६ नंबरची स्टीलची, मीडियम. शाई साधी रॉयल ब्लू. शिरोरेघ सलग उमटते, पण अक्षराचा उभा दांडा सुरू करताना पहिला मिलिमीटर कोरा जातो. जरा दाबलं की लगेच चालतं.

निब-फीड कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून धुतलं आहे. १०x भिंगातून निबची दोन्ही पाती एका पातळीत दिसतात, त्यांच्यामधली चीर टोकाकडे निमुळती आहे. फीड शाईत बुडवून काढलं तरी सुरुवात हुकतेच, म्हणजे पुरवठा कमी नसावा. संशय टोकावर आहे: चिरेच्या आतल्या कडा जास्त गोल घासल्या गेल्या, की शाई कागदापासून किंचित वर अडकते.

त्यासाठी १२००० ग्रिटच्या मायक्रोमेशवर (मऊ पाठीचा अतिबारीक घासकागद) हलक्या हाताने इंग्रजी आठ काढावेत, की आधी १ मायक्रॉनची मायलार फिल्म (घासायची पातळ प्लास्टिक पट्टी) वापरावी? मायक्रोमेश मऊ असल्याने कडा आणखी गोल होतील अशी शंका आहे. दर किती वेळा घासल्यावर लिहून बघावं? टोकाचा कठीण धातू गेला तर परत येत नाही.

दुसरं, छोटं: टाकी एक तृतीयांशावर आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि थेंब गळतो. आट्यांना सिलिकॉन ग्रीस आहेच. अर्ध्यावरच भरत राहणं, एवढाच उपाय का?

‘निब बदला’ हे उत्तर शेवटी ठेवा!