कोल्हापूरला जुन्या गाण्यांचं स्वतःचं रेडिओ स्टेशन पाहिजे का?

रंकाळ्याचा वारा
परवा गाडीत एकामागं एक तीन स्टेशनं फिरवली, तिन्हीकडं तेच गाणं, एकाकडं मुखडा चालू आणि एकाकडं अंतरा, एवढाच काय तो फरक. जिथं 1929 ला प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, जिथं सुधीर फडके जन्मले, त्या गावाला जुन्या गाण्यांचं एक स्टेशन नसावं? आम्हाला तर सांगलीनं वाढवलं. 1963 ला तिथं आकाशवाणी केंद्र झालं, 1251 किलोहर्ट्झ, आणि आमच्या आज्जीच्या लेखी ते कोल्हापूरचंच. ट्रान्झिस्टर खिडकीत, आवाज चिरकायला लागला की तिरका करायचा, एका ठराविक कोनात खरखर गपकन जायची आणि त्या जागी चौकटीवर खडूची खूण केलेली, रंग दिला तरी आज्जी परत खूण करायची. कुणीतरी काढा राव असं स्टेशन, ऐकणारे आहेत.

उद्यमनगरवाला
दादा, भावना पोचल्या, पण पैसे कोण घालणार? खाजगी एफेमला लिलावात बोली लावून फ्रिक्वेन्सी घ्यावी लागते, वर दरवर्षी उत्पन्नाचा हिस्सा सरकारला, 2005 च्या धोरणात तो 4 टक्के होता. शिवाय गाण्यांची रॉयल्टी वेगळीच. बाईकच्या शोरूमवाल्याला पंचविशीतलं पोरगं पाहिजे, तुमची आज्जी नको. तो जाहिरात देणार नाही आणि स्टेशन सहा महिन्यांत गार.

तालमीचा पोरगा
यूट्यूब हाय की भावा. पाहिजे ते गाणं, पाहिजे तेव्हा. स्टेशन कशाला?

पंचगंगाकाठ
आधी तो सोनेरी काळ वगैरे थांबवा. माझी साठी उलटलीय, मोठ्यांकडनं सगळं ऐकलंय. 1952 ला केसकर माहिती-प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवरनं सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली, शास्त्रीय ऐका म्हणाले. लोकांनी काय केलं, काटा श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनवर नेला. सकाळी तिथं सैगलचं गाणं लागलं की आठ वाजले, दप्तर उचला, हे आमच्या थोरल्या भावाचं घड्याळ. मग 3 ऑक्टोबर 1957 ला सरकारला विविध भारती काढावी लागली. वर रेडिओ ठेवायला पोस्टात लायसन फी भरायची. ज्या आकाशवाणीसाठी गळा काढताय तिला सिनेमाची गाणी नकोच होती, ती लोकांनी ओढून आणली.

रंकाळ्याचा वारा
काका मान्य, पण 1955 ला पुणे केंद्रानंच गीतरामायण दिलं ना, 56 गाणी, आठवड्याला एक. आठवडाभर वाट बघायची. @तालमीचा पोरगा, यूट्यूबवर वाट कुठं बघतोस तू?

तालमीचा पोरगा
जाहिरात संपायची बघतो की 😂

माहेर कागल
मला नुसती गाणी वाजवणारं स्टेशन नकोच आहे, खरं सांगते. आमच्या आईनं फर्माइशीला किती पोस्टकार्डं टाकली असतील देव जाणे, गोठ्यात धार काढताना ट्रान्झिस्टर खुंटीला अडकवलेला असायचा. आयुष्यात एकदा तिचं नाव लागलं आणि ते पण आडनाव चुकवून, आणि नेमकी त्याच वेळी म्हशीनं लाथ मारली, दूध सांडलं. गाणं कुठलं होतं ते तिला आठवत नाही. नावांची यादी मात्र आठवते, आपल्याआधी कुठली गावं वाचली ती पण सांगते, मुरगूड, बिद्री, मग आपलं. ते कसं आणणार तुम्ही? आता गाव कुणी विचारत नाही.

उद्यमनगरवाला
ताई हे भारी. पण हेच म्हणतोय मी, ते परत येत नसतं.

शाहूपुरी तिसरी गल्ली
कम्युनिटी रेडिओ, म्हणजे एखाद्या संस्थेनं आसपासच्या लोकांसाठी चालवलेलं छोटं स्टेशन, हा मार्ग आहे. 2006 पासून सामाजिक संस्थांना पण परवानगी मिळते, आधी फक्त शिक्षणसंस्थांना होती. ताकद 100 वॅट, आवाज जेमतेम दहा-बारा किलोमीटर, म्हणजे शहर आणि जवळची खेडी धरा. पण नुसती गाणी लावून चालत नाही, निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातनं पाहिजेत. म्हणजे @माहेर कागल, तुमच्या आईला बोलावणं आलंच समजा, फक्त कागलपर्यंत आवाज पोचणं अवघड.

पंचगंगाकाठ
आणि एक विचारू? कोल्हापूर आकाशवाणी एफेमला 102.7 वर आहेच की. इथं रडणाऱ्यांपैकी कुणी शेवटचं कधी लावलं होतं, प्रामाणिक सांगा.

रंकाळ्याचा वारा
...नाही लावलं काका. पण आज्जीचा सेट माळ्यावर आहे, रविवारी खाली काढतो. सांगली लागतंय का ते आधी बघणार, चौकटीवरची खूण अजून आहे.

पंचगंगाकाठ
सेल आत तसेच ठेवलेत का?

रंकाळ्याचा वारा
बहुतेक हो.

पंचगंगाकाठ
मग पाझरले असणार, पट्ट्या गंजून गेल्या असतील. लिंबू आणि जुना ब्रश घेऊन बस. काटा फिरवायची घाई करू नकोस, आतला दोरा तुटतो.