मदत हवी आहे: काळ्या मातीवरच्या बागेतल्या रेल्वेचा पाया कसा घ्यावा?
नमस्कार मंडळी. पुण्यात घरामागच्या बागेत ४५ मिमी गेजची (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ४५ मिमी) छोटी मॉडेल रेल्वे टाकली आहे. पितळी रूळ, एकूण २२ मीटर लांबीचा बंद वळसा, वळणांची किमान त्रिज्या १.२ मीटर.

खरी अडचण जमिनीची. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली १० सेंमी मुरूम आणि वर ६ मिमीची खडी आहे, तरी एका वळणावर बाहेरचा रूळ ५ मिमी खाली बसलाय आणि डबे नेमके तिथेच घसरतात. ३० सेंमी खणून जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं कापड) अंथरावं आणि मुरूम थराथराने धुम्मस करावा, की सरळ काँक्रीटच्या खांबांवर पट्टी टाकावी? खांब तरी या मातीत हलणार नाहीत ना?

दुसरं, विजेचं. कंट्रोलरपाशी (रुळांतून गाडीला वीज देणाऱ्या पेटीपाशी) १८ व्होल्ट, पण गाडी धावत असताना लांबच्या टोकाला जेमतेम १३. सांध्यांच्या पट्ट्या काळ्या पडल्यात. प्रत्येक सांध्यावर तारेचा जंपर (दोन रूळ जोडणारा तुकडा) डाखावा की स्क्रूचे क्लॅम्प लावावेत? दीड मीटरच्या रुळांत उन्हासाठी १ मिमी फट सोडली आहे. क्लॅम्पने ती आवळली तर मे महिन्यात रूळ वाकतील, ही धास्ती आहे.

काळ्या मातीत किमान दोन पावसाळे टिकलेला पाया कुणाकडे असेल, तर थरांची मापं जरूर कळवा.